एकतिसावं चाक

माझे मामा कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी ती वाजवून बघत. कप, बशी, दाराची चौकट, नवी कोरी पाण्याची टाकी, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे आ वासून पडले असताना त्याच्या खुर्चीचा हात. मधलं बोट दुमडायचं, पेराने टक् करायचं, मान जराशी कलती करायची आणि क्षणभर थांबायचं. मग निकाल. "खणखणीत आहे," किंवा "बद्द आहे." तिसरा शेरा त्यांच्याकडे नव्हता. माझं लग्न ठरलं आणि होणाऱ्या नवऱ्याला मी त्यांच्या घरी घेऊन गेले, तेव्हा मामी स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, त्याला ठोकून बघू नका हं! अजून आपला नाही झाला तो."

रेल्वेच्या वसाहतीत सगळे त्यांना ठोकेमामा म्हणत. त्यांचं काम ठोकण्याचंच होतं. गाडी यार्डात येऊन उभी राहिली की लांब दांड्याची हातोडी घेऊन ते तिच्या कडेने चालत जात आणि प्रत्येक चाकावर एक ठोका देत. चांगलं चाक घंटेसारखं वाजतं, त्याचा नाद थोडा वेळ हवेत उभा राहतो. तडा गेलेलं चाक बद्द वाजतं. आवाज निघतो आणि पायाशीच पडतो. तसं चाक सापडलं की मामा खिशातला खडू काढून त्यावर फुली मारत. फुली मारलेला डबा कुणी हलवायचा नाही, मग आत कुणीही बसलेलं असो. चौतीस वर्षं त्यांनी हे केलं. एका बाजूची अठ्ठेचाळीस चाकं, मग वळून दुसऱ्या बाजूची अठ्ठेचाळीस.

"डोळ्यांचं काही खरं नाही," ते म्हणत. "वरून रंग फासला की डोळे गप्प बसतात. कान नाही बसत."

लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याकडे राहायला जायची. सकाळी अर्धवट झोपेत असताना यार्डातून ते ठोके ऐकू यायचे. आधी अगदी लांबून, कुणीतरी दुसऱ्याच्या स्वप्नात दार वाजवावं तसे. मग जवळ येत जायचे. मग पुन्हा लांब. मी मोजता मोजता झोपून जायची आणि जाग आली की मामा चहा पीत बसलेले असायचे. मला वाटायचं, रात्रभर विस्कटलेलं जग हा माणूस पहाटे एक एक खिळा ठोकून परत नीट बसवतो.

मग ती पाच फुल्यांची सकाळ आली.

ती मी पाहिलेली नाही, पण इतक्या वेळा ऐकली आहे की तिथलं धुकं माझ्याही अंगाला लागलेलं आहे. संपत चाललेल्या कामांचे आवाज गोळा करणारी एक बाई त्या दिवशी यार्डात आली होती. ठोके देणारी माणसं आता थोडीच उरली, लवकरच यंत्रं येतील, त्याआधी हे आवाज जपून ठेवायचे असं तिचं म्हणणं. मामी आदल्या रात्रीपासून हवेत. बाहेरची बाई येणार म्हणून तिने मामांची टोपी धुतली, बूट पुसले आणि स्वतः विणलेले लोकरीचे हातमोजे त्यांच्या हातात कोंबले. "ते भेगाळलेले हात घेऊन जाऊ नका लोकांसमोर." मामांनी कामावर कधी हातमोजे घातले नव्हते. त्या दिवशी घातले. बायकोपुढे कोण बोलणार!

बाईने आठव्या डब्याजवळ दोन काठ्यांवर दोन माइक उभे केले आणि ती तिथेच थांबली. मामा पहिल्या चाकापासून निघाले. तीस चाकं खणखणीत वाजली. एकतिसावं वाजलं आणि मामा थबकले. ते पुरतं बद्द नव्हतं. नादात कुठेतरी केस अडकावा तसं काहीतरी होतं. त्यांनी पुन्हा ठोकलं. पुन्हा केस. फुली. बत्तिसाव्याला तेच. तेहतिसाव्याला तेच. पस्तिसाव्यावर पाचवी फुली मारून त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि ते यार्डमास्तरांकडे जवळजवळ पळतच गेले.

"साहेब, गाडी सोडू नका."

"पाच? ओळीने पाच?" यार्डमास्तर म्हणाले. "ठोकेमामा, आज चाकं फुटली की गाडीच फुटली?"

पण फुली ती फुली. गाडी दुपारपर्यंत उभी राहिली. यंत्रवाले आले, चाकांना तारा लावल्या, पडद्यावर रेघा बघितल्या. पाचही चाकं ठणठणीत. चौथ्या दिवशी मामांना कान तपासायला पाठवलं. जाड भिंतींच्या एका कपाटात बसायचं आणि शिटी ऐकू आली की बटण दाबायचं. कागदावरची रेघ निम्म्यावर आल्यावर घसरगुंडीवरून सुटावी तशी खाली गेली. बारीक शिट्या मामांपर्यंत पोचतच नव्हत्या.

"चाक काय शिट्या मारतं का?" मामा डॉक्टरला म्हणाले. डॉक्टरने सही केली.

उरलेली दोन वर्षं त्यांनी भांडारात काढली. साबण, बादल्या, कंदिलाच्या काचा मोजून द्यायच्या. त्यांची हातोडी तिथल्याच एका कपाटात पडून राहिली. तिने पुन्हा कुठलंही चाक ठोकलं नाही. निरोपाच्या दिवशी सोबत्यांनी ती चकचकीत फळीवर बसवून त्यांना भेट दिली. हौसेने इतकं व्हार्निश लावलं होतं की हातोडी मधात बुडून मेल्यासारखी दिसायची. मामीने ती दिवाणखान्यात टांगली. मामा तिच्याकडे पाठ करून बसत.

एकदाच ते माझ्याशी बोलले. गॅलरीत उभे होते, खाली कुणीतरी सायकल पुसत होतं. म्हणाले, "त्या दिवशीची पाच चाकं चांगली होती, ठीक आहे. गाडी उशिरा गेली, लोकांनी शिव्या घातल्या, त्याचं काही नाही. पण माझे कान जर त्या दिवशी चुकले, तर आदल्या दिवशी कशावरून बरोबर होते? त्याच्या आदल्या वर्षी? चांगल्याला फुटकं म्हणालो हे कळलं तरी. फुटक्याला चांगलं म्हणून जाऊ दिलं असेल, तर ते मला कोण सांगणार?"

मी काहीतरी समजुतीचं बोलले. त्यांनी कठडा टक् करून वाजवला आणि निकाल न देताच आत गेले.

निवृत्तीनंतर काही महिन्यांनी त्या बाईचं पाकीट आलं. आत नखाएवढा एक पेन ड्राइव्ह आणि दोन ओळी: उशिराबद्दल माफ करा, ही तुमची सकाळ. मी ती सकाळ फोनवर लावली. मुंगीने चमचा वाजवावा तसं काहीतरी ऐकू आलं. टीव्हीला जोडली, तर सगळी गाडी डबक्याच्या तळाशी उभी. मामा पुढे सरकून, पडद्याला कान लावून ऐकत होते आणि एकतिसावं चाक आलं की त्यांच्या चेहऱ्यावरून हात फिरवल्यासारखं सगळं पुसलं जायचं. काहीच कळत नव्हतं.

"याला चांगले स्पीकर लागतील," मी सहज म्हणाले.

"किती चांगले?"

"खूप चांगले असतात. कपाटाएवढे. त्याचं वेड असलेली माणसं असतात."

"मग जाऊ या त्यांच्याकडे."

"झालं!" मामी म्हणाली. "खिडक्या बदलायच्या सोडून खोकी आणा घरात. जन्मभर माझ्या बोलण्याला कधी कान दिला नाही, आता कानांसाठी कपाट!"

"तुझ्या बोलण्याला कान द्यावा लागत नाही," मामा म्हणाले, "ते येतंच."

ते दुकान चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. जिना चढताना रस्त्याचा आवाज पायरीपायरीने गळून पडत गेला. आत गालिचा, भिंतीला जाड पडदे, पुस्तकांची कपाटं, मध्ये एक जुनी कोचाची खुर्ची. समोर माणसांसारखे जोडीजोडीने उभे असलेले स्पीकर. दुकानदार इतकं हळू बोलायचे की आपणही चोरी करायला आल्यासारखे कुजबुजायला लागायचो. दारातच मामांनी त्यांचं नाव हळूबोले ठेवलं.

हळूबोल्यांची एक पद्धत होती. आलेल्या माणसाला आधी काही ऐकवायचं नाही. पाच मिनिटं खुर्चीत नुसतं बसवायचं.

"कशासाठी?" मामांनी विचारलं.

"रस्ता उतरू द्या कानांतून."

मामांना हे फार आवडलं. ते डोळे मिटून बसले. त्या पाच मिनिटांत मला आधी माझा श्वास ऐकू आला, मग भिंतीवरच्या घड्याळाचा, मग कुठेतरी खोल घरंगळत जाणारी माझ्या लहानपणाची एखादी गोटी. खोली पाण्याने भरत चालल्यासारखी वाटली. हळूबोले मांजरासारखे चालत गेले आणि त्यांनी विचारलं, "काय लावू? गाणं, सतार, मोठा वाद्यवृंद?"

"चाकं," मामा म्हणाले आणि त्यांनी खिशातून सकाळ काढून दिली.

हळूबोल्यांनी खूप काही ऐकवलं असेल आयुष्यात, पण उभ्या गाडीची चाकं ओळीने ऐकायला आलेला माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. तरी चेहऱ्यावर रेघ हलली नाही. ते एका काळ्या, ओबडधोबड जोडीकडे वळले. "मग यांच्यावर ऐका. माझ्याकडचे सर्वांत खरे आहेत. कोपऱ्याला खरवडलेत, रोज सरकवून सरकवून. पण खरे."

मामा उठले. बोट दुमडलं. टक्.

मान कलती झाली आणि तशीच राहिली. त्यांनी दुसरीकडे ठोकलं, मग बाजूला, मग खाली. जणू ओल्या मातीच्या ढिगाऱ्यावर ठोकत होते. काहीही परत येत नव्हतं.

"हा फुटका आहे," मामा म्हणाले.

"माफ करा?" हळूबोल्यांचा आवाज पहिल्यांदाच थोडा वर आला.

"बद्द वाजतोय. दुसरा बघू. तोही बद्द. अहो, जोडीच फुटकी आहे. कुणीतरी फसवलं तुम्हाला."

"मामा," मी त्यांची बाही ओढली.

"तू थांब. चौतीस वर्षं हेच केलंय मी."

हळूबोल्यांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण ते इतक्या हळू सांगत होते की मामा तोवर भिंतीकडच्या जोडीपाशी पोचलेही होते. ती मधाच्या रंगाची, पातळ लाकडाची, जुन्या घाटाची. टक्. खोकं गोड आवाजात बोललं. मामांचा चेहरा उजळला. "हे बघा! याला म्हणतात खणखणीत."

हळूबोल्यांनी मान डोलावली. ती होकाराची नव्हती, नंतर कळलं. गिऱ्हाईक आपल्या पायांनी खड्ड्याकडे जात असलं तरी त्याला धरून ओढायचं नाही, हाही त्यांच्या दुकानाचा नियम असावा. फक्त एवढं म्हणाले, "घरी नेऊन ऐका. नाही पटले तर मी येऊन बदलून देईन. घाई करू नका."

मधाच्या रंगाची जोडी घरी आली. मामीने तिच्यावर फुलदाणी ठेवली, मामांनी ती काढली. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, फ्रिजचं बटण बंद केलं. रस्ता उतरण्यासाठी पाच मिनिटं बसलो. मामी चुळबुळत होती. मग मी ती सकाळ लावली.

फार सुंदर होतं ते. प्रत्येक चाक देवळातल्या घंटेसारखं उठत होतं, एकाचा नाद संपायच्या आत दुसऱ्याचा त्यात मिसळत होता. भिंती गोड झाल्या होत्या. मामा बोटांवर मोजत होते. एकोणतीस, तीस. एकतीस. ते खणखणीत वाजलं. बत्तीसही. पाचही चाकं, एकाहून एक खणखणीत. केसाचा मागमूस नाही.

मामांनी मोजणं थांबवलं. त्यांचा हात गुडघ्यावर तसाच अर्धा उघडा राहिला.

"चांगली होती," ते म्हणाले. "यंत्र बरोबर होतं."

त्यानंतर आठवडाभर त्यांनी काहीही वाजवून पाहिलं नाही. मामीने मला फोन केला. "चहाचा कप नुसता उचलतात आणि पितात गं. मला भीती वाटते." मी गेले, तेव्हा ते खिडकीशी बसून यार्डाकडे बघत होते. संध्याकाळ झाली होती. रुळांवर उजेड वितळून पडला होता आणि एक गाडी सावकाश निघून चालली होती. ते एक एक डबा डोळ्यांनी सोडत होते, जणू कुठल्यातरी डब्यातून कुणीतरी वळून आपल्याकडे बघेल आणि नाव घेईल असं त्यांना वाटत होतं.

मामांना बरं वाटावं म्हणून की घरातली शांतता सोसवेना म्हणून, कोण जाणे, मामीने स्वतःच ते यंत्र चालू केलं. तिला नीट जमत नव्हतं. सकाळ मधूनच सुरू झाली. सतरावं-अठरावं चाक असेल. तेवढ्यात त्या सकाळचे मामा दूरवर खोकले.

मामी हसायला लागली. "अगोबाई, यांचा खोकलासुद्धा घंटेसारखा! चौतीस वर्षं त्या खोकल्याने झोपमोड केली माझी, कधी एवढा सुरेल नव्हता."

मामा वळले.

"पुन्हा लाव," ते म्हणाले.

मी मागे नेऊन लावलं. खोकला. त्याच्यामागे एक गोड, लांब, मधाच्या रंगाचा नाद. मामा उठले, खोक्याजवळ गेले, बोट दुमडून टक् केलं. तोच नाद. अगदी तोच. आपण चांगल्या चाकाची पारख चुकीच्या जागी लावली हे त्यांना त्या एका टकमध्ये कळलं असावं. चाकाने बोलायचं असतं. खोक्याने तोंडातून शब्द काढायचा नसतो. इतके दिवस खोकंच बोलत होतं, आणि ते सगळ्यांबद्दल चांगलंच बोलत होतं.

"हळूबोल्यांना फोन लाव," मामा म्हणाले. "म्हणावं, ते फुटके घेऊन या."

हळूबोले दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतः आले. सोबत दोन हमाल. काळी जोडी उचलताना त्यांचे गळे फुगले होते. हळूबोल्यांनी दोरी लावून मापं घेतली, स्पीकर भिंतीपासून पुढे ओढले, बोटभर आत वळवले, पुन्हा निम्मं बोट बाहेर. मामीचं एक टेबल गेलं, एक कुंडी गेली. "माणसांना बसायला जागा ठेवणार ना?" तिने विचारलं. "एकाला," हळूबोले पुटपुटले आणि मामांना बरोबर मध्ये बसवून, चहा अर्धवट टाकून निघून गेले. दाराशी मला म्हणाले, "त्यांना एकट्यांना ऐकू द्या. मी असलो की लोक मला बरं वाटेल असं ऐकतात."

आम्ही दोघी मागे दाराशी उभ्या राहिलो. पंखा बंद. पाच मिनिटं. मग ती सकाळ.

आधी काहीच आलं नाही. मग हळूहळू लक्षात आलं की आलं आहे. खोली मोठी झाली आहे. समोरची भिंत गेली होती. तिच्या जागी थंड, ओलसर, करडी अशी एक लांबी पसरली होती. ती काळी खोकी डोळ्यांसमोर असून नाहीशी झाली होती. त्यांच्यातून आवाज येतच नव्हता, त्यांच्यामागे कुठेतरी तो आधीपासून होता आणि ती फक्त बाजूला झाली होती. डावीकडे खूप लांब, शेजारच्या घराच्याही पलीकडे, एक ठोका पडला. एवढासा. मग खडीवर पावलं. मग दुसरा ठोका. मी पुन्हा आठ वर्षांची झाले आणि अंगावर पांघरूण आलं.

कुणीतरी चालत येत होतं. धुक्यातून एक माणूस आमच्या दिवाणखान्याकडे चालत येत होता, आणि दिवाणखान्यात तोच माणूस खुर्चीत बसून त्याची वाट बघत होता. खोकला आला, साधा, खरखरीत, मामीच्या ओळखीचा. मामी पदराला हात पुसत राहिली. पंचवीस. सव्वीस. आता त्याचा श्वास ऐकू येत होता, बुटाखाली एखादा खडा सरकलेला कळत होता. एकोणतीस. चाक वाजलं आणि त्याचा नाद कपाटाच्या काचेसमोर, हात लावावा इतका जवळ, उभा राहिला. तीस.

एकतीस.

चाक वाजलं, खणखणीत वाजलं. पण त्याच्या आधी, त्याला चिकटून, काहीतरी होतं. पाचर सैल व्हावी तसं, कोरड्या काडीचं, लाकडाचं. खर्र. मग त्याच्या मागून नाद उठला आणि स्वच्छ, अखंड, लांबवर गेला.

त्या सकाळच्या मामांनी पुन्हा ठोकलं. खर्र, आणि नाद. खडूचा आवाज आला. लोखंडावर दोन रेघा. बत्तीस. खर्र, आणि नाद. तेहतीस.

खुर्चीतले मामा उठले. ते स्पीकरकडे गेले नाहीत. पाठ करून बसण्याची सवय झालेल्या त्या भिंतीकडे गेले, फळी खिळ्यावरून उतरवली आणि स्वयंपाकघरातून उलथनं आणून हातोडी उचकटायला लागले.

"अहो, मोडेल ती! भेटीची वस्तू," मामी म्हणाली.

"मोडलीच आहे," मामा म्हणाले.

व्हार्निशचा पापुद्रा फुटून खाली पडला. दांड्याच्या डोक्याशी, तो लोखंडात शिरतो तिथे, पत्र्याची एक पट्टी होती. मामांनी ती सरकवली. तिच्याखाली लाकडात बोटभर लांबीची चीर होती. व्हार्निश तिच्यात उतरून गोठलं होतं, म्हणून ती रेघ सोनेरी दिसत होती. मामांनी नखाने ती वरपासून खालपर्यंत चाचपली.

मागे धुक्यात पस्तिसावं चाक वाजलं आणि फुली पडली.

"फुटल्याचा आवाज मी बरोबर ऐकला," मामा म्हणाले. ते कुणाशी बोलत होते कळत नव्हतं. "नुसतं कुठे फुटलंय ते चुकलो. चाकाशिवाय काही फुटेल असं कधी मनातच आलं नाही. हातोडी हाताची. तिच्याकडे कोण बघतं?"

"पण मामा, हाताला जाणवलं नाही?" मी विचारलं आणि विचारल्याबरोबर मला ते हातमोजे आठवले.

मामीला माझ्या आधी आठवले होते. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "माझे मोजे," ती म्हणाली. "लोकरीचे. मी घालायला लावले. नुसत्या हाताला कळलं असतं."

मामांनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता दोन वर्षांचा साबण, बादल्या, कंदिलाच्या काचा सगळं बाहेर येणार.

"कळलं असतं," ते म्हणाले. "पण गारठा फार होता त्या दिवशी. हात ऊबदार राहिले."

"आता गोड बोलू नका."

"गोड नाही बोलत. तीस चाकं बरोबर होती, समजलं का तुला? माझी तीस चाकं बरोबर होती. त्याच्या आदल्या दिवशीचीही होती."

मामीने खाली वाकून व्हार्निशचे तुकडे गोळा केले.

मामा मग काळ्या खोक्याजवळ गेले. बोट दुमडून टक् केलं, मान कलती केली. काहीही परत आलं नाही.

"बद्द," ते समाधानाने म्हणाले. "एकदम बद्द. हळूबोल्यांना सांग, परत न्यायला येऊ नका."

बटणांच्या डब्यातून त्यांनी एक खडू शोधून काढला. बोटाच्या पेराएवढाच उरला होता. हातोडी मांडीवर आडवी घेऊन त्यांनी त्या सोनेरी चिरेच्या शेजारी एक फुली मारली. घाई न करता, नेहमी मारत तशी, आधी डावीकडून उजवीकडे आणि मग उलटी. खडूची भुकटी फुंकून टाकली आणि ते पुन्हा खुर्चीत बसले.

ती सकाळ संपलेली नव्हती. खडीवरून धावत जाणारी पावलं उजवीकडे बारीक होत होत यार्डमास्तरांच्या खोलीकडे गेली. बाईने माइक तसेच चालू ठेवले होते. उरलं ते नुसतं धुकं. एक पाखरू दोनदा बोललं. कुठेतरी नळाखाली बादली भरत होती. आणि मध्ये ती गाडी, पाच फुल्या घेऊन, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, अजिबात न हलता. तिच्यात बसलेल्या माणसांची कुजबुज ऐकू येतेय असं मला वाटलं. बाहेर दुपार होती, तरी आमच्या पायांना दंव लागत होतं.

"आता तरी पंखा लावू का?" मामीने विचारलं. तीही हळूबोल्यांसारखी कुजबुजत होती.

"थांब जरा," मामा डोळे मिटून म्हणाले. "गाडी अजून उभी आहे."